कुत्र्याला सलाईन चालू, तरी हिरड्या कोरड्याच

असं दिसलं की हिशोब तपासा. बहुतेकदा रोजची गरज तेवढी धरलेली असते, आधीची तूट राहून जाते. 10 किलोच्या कुत्र्याला किलोमागे 60 मिली धरून 600. वजनाच्या 7 टक्के इतकं पाणी घटलं असेल तर तूट आणखी 700. 24 तासांत 1300, म्हणजे तासाला सुमारे 54 मिली. उलटी-जुलाबातून जाईल ते वेगळं. भिजलेल्या पॅडचं वजन करा, वाढलेला 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिली.

सेटचं, म्हणजे सलाईनच्या नळीचं पाकीट वाचाच, 1 मिलीचे किती थेंब ते त्यावर असतं! 20 थेंबांच्या सेटवर मिनिटाला 18 थेंब, 60 थेंबांच्या मायक्रोसेटवर 54. इथे गल्लत झाली तर तिप्पट पाणी चढतं. हृदयविकार असेल तर हा हिशोब लावूच नका, दर डॉक्टर ठरवतील. श्वास वाढला की सलाईन बंद करून त्यांना लगेच बोलवा.