बाबागाडी घेताय? आधी लिफ्ट मोजा, आणि या चुका टाळा

दुकानातली फरशी गुळगुळीत असते. तिथे कुठलीही बाबागाडी एका बोटाने ढकलली तरी छान पळते आणि निम्म्या लोकांची फसगत तिथेच होते. घरी आणल्यावर तीच गाडी उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर, बिल्डिंगच्या तीन पायऱ्या उतरून, आडव्यातिडव्या लावलेल्या स्कूटरींमधून काढायची असते. म्हणून मॉडेल बघण्याआधी आपल्या दारापासून रस्त्यापर्यंत एकदा रिकाम्या हाताने चालून या आणि वाटेत काय काय आडवं येतं ते बघा. गाडीचा प्रकार तिथेच ठरतो.

बाळ व्हायच्या आधीच गाडी घेऊन ठेवणं

पहिलं बाळंतपण बहुतेकदा माहेरी. म्हणजे बाळ सांगलीला आणि गाडी ठाण्याच्या घरी खोक्यात. सव्वा महिना तर बाळ उंबऱ्याबाहेर पडत नाही, आणि बाळंतीण सासरी परत येईपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात. तोवर ऑनलाइन घेतलेल्या गाडीची परत करायची मुदत उलटून गेलेली असते. एखादं चाक कमी आलंय हे मग कळतं. शिवाय बारशाला मामा-आत्यांपैकी कुणीतरी गाडी आणतंच. ज्यांना आणायचीच आहे त्यांना कोणती हवी ते सरळ सांगून ठेवा, त्यात संकोच कसला?

'० महिन्यांपासून' या शब्दांवर भरवसा ठेवणं

ही चूक सगळ्यांत महागात पडणारी, म्हणून जरा सविस्तर.

बाळ साधारण चौथ्या महिन्याच्या सुमारास मान धरतं आणि आधाराशिवाय बसायला सहा महिने तरी लागतात. तोवर त्याला अर्धवट बसतं ठेवलं की मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाला अडथळा येऊ शकतो. तान्ह्या बाळाला पाठ पूर्ण सपाट होणारीच गाडी हवी. छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी त्यासाठी नाही. ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमान अभियंत्याने १९६५ मध्ये ती काढली. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेला हा माणूस. त्याची पहिली गाडी ॲल्युमिनियमची आणि जेमतेम पावणेतीन किलोची होती. पण अशा बहुतेक गाड्यांची पाठ पुरती मागे जात नाही, म्हणून त्या बसत्या बाळासाठी, सहा महिन्यांनंतर.

खोक्यावर काहीही छापलेलं असो, पाठ शेवटपर्यंत पाडा आणि मधोमध तळवा दाबून बघा. कित्येक स्वस्त गाड्यांत पाठीला नुसतं कापड असतं, पट्टा सैल केला की त्याची झोळी होते. बाळ त्यात आडवं न पडता मुडपून पडतं. कापडाच्या आत कडक फळी हाताला लागली पाहिजे. पट्टे पाच टोकांचे हवेत: दोन खांद्यांवरून, दोन कमरेला, एक पायांमधून. नुसत्या कमरेच्या पट्ट्यातून चळवळं बाळ खाली सरकतं.

अमेरिकेतल्या ताईची यादी जशीच्या तशी उचलणं

तिथे फुटपाथ सलग असतात आणि बाळाला कारमधून आणायचं तर कार सीट लागतेच, म्हणून तीच सीट बाबागाडीच्या सांगाड्यावर अडकवायची 'ट्रॅव्हल सिस्टीम' तिच्या उपयोगाची. सगळं मिळून वजन बारा-तेरा किलो सहज भरतं. आपल्याकडे रिक्षात ती सीट बांधायला पट्टाच नसतो. स्वतःच्या कारने रोज फिरणार असाल तर जरूर घ्या, मात्र घरी पोहोचल्यावर झोपलेलं बाळ सीटमधून काढून सपाट जागी निजवा. 'झोपलंय तर झोपू दे' म्हणून तासन् तास त्यातच ठेवू नका. पळण्यासाठीची तीनचाकी गाडी तर सहा महिन्यांच्या आत विसराच.

वजन आणि घडी दुकानदाराच्या हातून बघणं

दुकानदार एका झटक्यात गाडी मिटवतो, कारण तो दिवसभर तेच करतो. तुम्ही एका हातात पर्स किंवा पिशवी धरून दुसऱ्या हाताने मिटवून बघा. मिटलेली गाडी उचलून दहा पावलं चाला. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहत असाल, त्यात सिझेरियन झालेलं असेल, तर दहा किलोची गाडी आणि कडेवर बाळ हे गणित जमत नाही.

लिफ्ट असली तरी आतली पाटी वाचा. '४ व्यक्ती, २७२ किलो' असेल तर आत मागे-पुढे जागा साधारण ७० सेंटिमीटरच असते. उघडी गाडी लांबीला बहुधा याहून जास्त भरते आणि अरुंद दारातून आत नेऊन आडवी वळवता येत नाही. मग प्रत्येक वेळी बाळ काढा, गाडी मिटवा. कारच्या डिकीचंही तेच. सीएनजीची टाकी असेल तर डिकीत उरलेल्या जागेचं माप टेपने घेऊनच दुकानात जा.

आमच्याकडच्या रस्त्यांना छोटी दुहेरी प्लास्टिकची चाकं झेपत नाहीत, ती प्रत्येक फटीत अडकतात. माझं मत विचाराल तर फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बहुतेकांना सहा ते आठ किलोची, पाठ सपाट होणारी, थोड्या मोठ्या चाकांची गाडी पुरते. हवा भरायची चाकं आरामदायी, पण पंक्चर होतात. त्यांचा व्हॉल्व्ह बहुधा स्कूटरसारखाच असतो, त्यामुळे कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हवा भरून देईल. फक्त टायरवर छापलेल्या आकड्याच्या वर भरू देऊ नका.

फिरत्या दांड्याला भुलणं

दांडा पलटला की बाळाचं तोंड आपल्याकडे, हे आजीआजोबांना फार आवडतं. पण दांडा पलटताच फिरणारी चाकं आपल्या बाजूला येतात, न वळणारी पुढे जातात, आणि गाडी वळणावर हट्ट करते. ब्रेकही पलीकडे जातो. उतारावर थांबायचं तर पुढे जाऊन तो दाबायचा. घेण्याआधी दोन्ही बाजूंनी ढकलून, वळवून बघा. सीटच उलटी बसवता येणारी गाडी महाग असते, पण तिच्यात ही भानगड नाही.

घेतल्यानंतरच्या तक्रारी

गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी पुढच्या दोन चाकांपैकी एकाचंच लॉक लागलंय का बघा. नसेल तर आसाभोवती केस किंवा दोरा गुंडाळलेला सापडेल. कुरकुर थांबवायला खोबरेल तेल घालू नका, त्यावर धूळ बसून आठवड्यात दुप्पट आवाज येतो. सिलिकॉन स्प्रे मारा. गाडी मागे कलंडते? दांड्याला अडकवलेली भाजीची पिशवी खालच्या टोपलीत ठेवा. उन्हात टपावरून पातळ दुपटंही टाकू नका, आतली हवा कोंडून तापते.

घडी घालताना बाळ जवळ नको. २००९ मध्ये मॅक्लारेन कंपनीला अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्या परत मागवाव्या लागल्या होत्या, कारण बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोकं तुटली होती. कुणाची वापरलेली गाडी घेत असाल तर बिजागरी, घडीचं लॉक आणि ब्रेक पाच-सात वेळा लावून-सोडून बघा. पावसाळाभर गॅलरीत पडून राहिलेली असेल तर सीटचं कापड उलटून वास घ्या. बुरशीचे काळे ठिपके आतल्या फळीपर्यंत पोहोचलेले असतील आणि नवं कापड मिळत नसेल, तर फुकट मिळाली तरी नको म्हणा.