पोरगं परदेशात आणि फोन लागत नाही? या चुका टाळा

कोथरूड घ्या, बाणेर घ्या नाहीतर चिंचवड, सोसायटीत एकतरी घर असतंच ज्यांचं पोरगं मास्टर्सला बाहेर आहे. आणि त्यातल्या एखाद्या घरावर ती वेळ येते, दोन दिवस मेसेजला एकच टिक, फोन स्विच ऑफ, रूममेट म्हणतो काकू मला पण नाही माहीत. मग जी पळापळ सुरू होते ती इथे सुरू होते, पुण्यात, आणि मला वाटतं मूळ घोळ तिथेच आहे. शोध तिकडे होणार, तिकडचे पोलीस करणार. त्यांच्याकडे तक्रार नोंदवून तिचा नंबर हातात येत नाही तोपर्यंत खासदार असो, दूतावास असो की दिल्लीतला ओळखीचा साहेब, प्रत्येकजण पहिलं हेच विचारतो, तिकडे कंप्लेंट केलीये का?

ती करायला उशीर का होतो, तर "चोवीस तास थांबावं लागतं" हे सिनेमे बघून डोक्यात फिट्ट बसलंय. असं काही नसतं. ब्रिटनचे पोलीस स्वतःच सांगतात की काळजी वाटली की लगेच कळवा. अमेरिकेत तर १९९० च्या कायद्याने हरवलेल्या मुलाची तक्रार घ्यायला पोलिसांनी असं थांबायला लावणंच बंद केलंय आणि २००३ पासून २१ वर्षांच्या आतलं कोणी हरवलं तर एफबीआयच्या देशभरच्या यादीत नोंद घालणं बंधनकारक आहे, म्हणजे बारावीनंतर गेलेली बरीच पोरं त्यात येतात. तेव्हा उद्या बघू, वीकेंड आहे, ट्रेकला गेला असेल, हे सगळं मनात ठेवा पण फोन आधी करा. ट्रेकवरून आला तर चांगलंच आहे, कोणी दंड लावत नाही.

आता फोन कुठे करायचा. पुण्यात बसून ९११ किंवा ९९९ दाबलं तर तो त्याच्या गावातल्या पोलिसांना लागणार नाही. तो राहतो त्या शहराच्या पोलिसांचा साधा पूर्ण नंबर शोधायचा, देशाचा कोड लावून. अमेरिकेत बऱ्याच युनिव्हर्सिटीचे स्वतःचे कॅम्पस पोलीस असतात, त्यांना "वेल्फेअर चेक" करा असं सांगायचं, हाच शब्द वापरा, मग ते खोलीवर जाऊन दार वाजवून बघतात. त्याहून सोपं म्हणजे रूममेटला नाहीतर तिकडच्या कुठल्याही ओळखीच्या माणसाला प्रत्यक्ष स्टेशनवर पाठवा. नात्यातलं कोणी तिकडे नसेल तर मराठी मंडळं आहेत, लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाखाली गावोगावची मंडळं आहेत, अशा वेळी लोक खरंच गाडी काढून जातात. आणि वेळेचं गणित आधी करून ठेवा, न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे, त्यामुळे इथे सकाळी अकराला ऑफिस कोणी उचलत नाही म्हणून चिडण्यात अर्थ नाही, तिकडे मध्यरात्र असते.

रूममेटवरून आठवलं, त्याच्यावर डाफरू नका प्लीज. "तू एकत्र राहतोस आणि तुला माहीत नाही?" असं एकदा बोललात की तो पोरगा घाबरून गप्प बसतो आणि नेमकी त्याच्याकडेच माहिती असते. त्याला शांतपणे विचारा, शेवटचं कधी दिसला, पासपोर्ट खोलीत आहे का, लॅपटॉप, जॅकेट, रोजच्या गोळ्या असतील तर त्या आहेत का. आणि खोली आवरू नकोस म्हणावं. पोलिसांनी टूथब्रश किंवा कंगवा मागितला तर इथे घरात रडारड होते, पण डीएनएसाठी तो घेऊन ठेवणं ही नेहमीची पद्धत आहे, लगेच वाईट अर्थ काढू नका.

दूतावासाच्या बाबतीत चूक अशी होते की लोक थेट वॉशिंग्टनला मेलवर मेल करतात. अमेरिकेत दूतावासाच्या शाखा, म्हणजे कॉन्सुलेट, वेगवेगळ्या शहरांत आहेत आणि त्यांच्यात राज्यं वाटलेली आहेत, टेक्सास ह्यूस्टनकडे, ओहायो मात्र न्यूयॉर्कच्या कॉन्सुलेटकडे, शिकागो जवळ असून. त्यामुळे वेबसाईटवर आधी बघा आपलं राज्य कोणाकडे येतं, इमर्जन्सी नंबर तिथेच असतो. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात दूतावासाला हायकमिशन म्हणतात. सोबत परराष्ट्र मंत्रालयाच्या "मदद" पोर्टलवर तक्रार टाका, २०१५ पासून ते सुरू आहे, त्यात तिकडच्या पोलिसांचा केस नंबर लिहा. एक मात्र समजून घ्या, कॉन्सुलेटचे लोक स्वतः शोध घेऊ शकत नाहीत, ते तिकडच्या पोलिसांच्या मागे लागू शकतात, तुम्हाला कोणाशी बोलायचं ते सांगू शकतात.

इथल्या पोलीस स्टेशनला जाऊच नका असं म्हणत नाहीये. लेखी अर्ज द्या, शिक्का मारलेली कॉपी घ्या, पुढे कागदपत्रांना लागते. पण इंटरपोलचं खूळ डोक्यातून काढा. इंटरपोल म्हणजे काही फ्रान्सहून जीप घेऊन निघणारे पोलीस नाहीत, ते देशांच्या पोलिसांचं जाळं आहे, आपल्याकडे त्याचं काम सीबीआय बघतं आणि हरवलेल्या माणसासाठी जी यलो नोटीस निघते ती पोलिसांमार्फतच मागता येते. तुम्ही आम्ही मेल करून ती निघत नाही.

आता फॉरवर्ड. सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. फोटो, पासपोर्टचं पहिलं पान, खाली बाबांचा मोबाईल नंबर, आणि "जास्तीत जास्त शेअर करा". दोन तासांत तो मेसेज कुठल्या कुठे जातो आणि रात्री फोन येतो, तुमचा मुलगा आमच्याकडे आहे, इतके पैसे पाठवा. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत यूटा राज्यात एक चिनी विद्यार्थी गायब झाला, चीनमधल्या आईवडिलांनी घाबरून सुमारे ८०,००० डॉलर पाठवले, आणि पोरगा सापडला डोंगरात, थंडीत, एकटाच तंबूत. त्याला कोणी पकडलेलंच नव्हतं, भामट्यांनी फोनवरून धमकावून त्यालाच एकटं राहायला लावलं होतं. म्हणून असा फोन आला तर पैसे पाठवायचे नाहीत, मुलाचा आवाज ऐकवा म्हणायचं, नंबर आणि वेळ टिपायची आणि तिकडच्या पोलिसांना लगेच द्यायची. आवाज ऐकवला तरी पैसे नाहीत, आवाज आता बनवता येतात. पोस्ट टाकायचीच तर पोलिसांना विचारून, आणि संपर्काला पोलिसांचा नंबर.

घरच्या लॅपटॉपवर त्याचा जीमेल उघडा असेल तर हात लावू नका, लॉगआऊट तर अजिबात नको. पासवर्डचे अंदाज मारत बसलात तर अकाउंट लॉक होतं. त्याचं इथलं सिम रिचार्ज करून चालू ठेवा. कार्ड बंद करायची घाई नको, पैसे कुठे काढले ते बँकेकडून पोलिसांना कळतं. आणि शंभर मिस्ड कॉल देऊ नका, एकच मेसेज टाका, आम्ही रागावलेलो नाही, फक्त ठीक आहेस एवढं कळव. नापास झाला, नोकरी गेली, लोनचं टेन्शन, अशा कारणाने गप्प बसलेल्या पोराला "फोन का उचलत नाहीस" वाचून फोन चालू करावासा वाटत नाही.

युनिव्हर्सिटीवाले "आम्ही सांगू शकत नाही" म्हणतात तेव्हा भांडू नका, १८ पुढचा मुलगा त्यांच्या लेखी मोठा माणूस असतो, प्रायव्हसीचा कायदा आड येतो. अमेरिकेच्या त्या कायद्यात जीव धोक्यात असेल तर सूट आहे, म्हणून "आम्हाला त्याच्या सुरक्षिततेची काळजी आहे, पोलीस केस नंबर हा" असं लिहून पाठवा. याच कारणाने कधीकधी पोलीस म्हणतात, सापडला, सुखरूप आहे, पण पत्ता देणार नाही कारण त्याची इच्छा नाही. हे पचवणं फार अवघड जातं, पण तिथे वकील लावून काही होत नाही, तुमचा निरोप त्याला द्या एवढंच सांगा.

शिकायला नाही, "डेटा एन्ट्रीची नोकरी" म्हणून थायलंडला गेलेला असेल तर केस वेगळी. तिथून म्यानमारच्या म्यावाडीला नेऊन सायबर फ्रॉड करायला लावतात, मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी आणलं होतं. एजंटचे चॅट, तिकीट, शेवटचं लोकेशन, काहीही डिलीट करू नका, आणि एजंटला आधी फोन करून सावध तर अजिबात करू नका. आणि मूल लहान असेल आणि घेऊन गेलेला माणूस त्याचा स्वतःचा बाप किंवा आई असेल तर हा शोध नसून कोर्टाची केस आहे. एका पालकाने दुसऱ्या देशात नेलेलं मूल परत मिळवण्यासाठी जो १९८० चा हेग करार आहे त्यात भारत नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी फॅमिली वकील गाठा.

मुलगा सापडला की लोक पेढे वाटतात आणि बाकी विसरतात. पोलिसांना, कॉन्सुलेटला कळवा, "मदद"वरची तक्रार बंद करा, आणि ज्या ज्या ग्रुपवर फोटो टाकले तिथे सापडला म्हणून लिहून जुने डिलीट करायला सांगा, नाहीतर पोरगं दोन वर्षांनी नोकरीला अप्लाय करेल आणि नाव टाकलं की पहिलं तेच येईल.