दहा मीटर बँडचा व्हर्टिकल (उभा अँटेना) गच्चीवर लावताना या चुका टाळा

"एसडब्ल्यूआर १.३ येतोय, तरी समोरून उत्तर का येत नाही?" दहा मीटर बँडवर (२८ मेगाहर्ट्झच्या आसपास) नव्याने उतरलेले हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, हमखास विचारतात. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेन्याकडे पाठवलेल्या विजेतली किती परत येते याचं माप; १.० म्हणजे काहीच परत नाही. डमी लोडचा (चाचणीसाठी अँटेन्याऐवजी लावायच्या, वीज जिरवणाऱ्या रेझिस्टरचा) एसडब्ल्यूआर तर १.० असतो, पण तो गल्लीच्या टोकालाही ऐकू जात नाही. मीटर फक्त किती वीज परत आली ते सांगतो. बाकीची हवेत गेली की वाटेत जिरली, ते त्याला कळत नाही.

पावसाळ्यात पुण्यातल्या गच्च्यांवर हेच होतं. समजा अँटेन्यापाशी एसडब्ल्यूआर ३ आहे आणि खाली खोलीपर्यंत ३० मीटर आरजी-५८ केबल आहे. २८ मेगाहर्ट्झला ही कोरडी केबल साधारण २.४ डेसिबल (शक्तीच्या घट-वाढीचं माप) खाते. परत येणारी वीजही तिच्यात जिरते, त्यामुळे खोलीतला मीटर १.८ दाखवतो. जूनमध्ये वरच्या पीएल-२५९ कनेक्टरमधून पाणी शिरतं, केबलची जाळी (बाहेरचा विणलेल्या तारांचा थर) काळी पडते. घट ६ डेसिबलवर गेली की तोच मीटर १.३ दाखवू लागतो! मालक खूश. प्रत्यक्षात शंभरातले पंचवीस वॉटच वर पोचत असतात. म्हणून मोजायचं ते अँटेन्याच्या पायथ्याशी, ॲनालायझर लावून. काहीही न करता एसडब्ल्यूआर सुधारला, तर आधी केबलवर संशय घ्या. पीएल-२५९ मुळातच जलरोधक नाही. त्यावर आधी ताणून बसवायची, स्वतःला चिकटणारी रबर टेप गुंडाळा, मग पीव्हीसी टेप. शेवटचा थर खालून वर न्या, म्हणजे पदर कौलांसारखे बसतात. खाली केबलला एक झोळ सोडा. नुसती काळी टेप लावून 'नंतर बघू' म्हणणाऱ्यांची केबल दुसऱ्या पावसाळ्याआधी जाते.

आता रचनेबद्दल. २८.४ मेगाहर्ट्झला क्वार्टर वेव्ह (पाव तरंगलांबीचा) उभा दांडा २.५१ मीटर, आणि तेवढ्याच लांबीचे चार रेडियल, म्हणजे पायथ्यापासून चहूकडे पसरलेल्या तारा. रेडियल आडवे ठेवले तर इम्पिडन्स (अँटेन्याचा करंटला होणारा विरोध) ३६ ओहमच्या आसपास राहतो, ४५ अंशांनी खाली उतरते बांधले की जवळपास ५०, म्हणजे केबलएवढा होतो. शिकणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पण घाई असलेला माणूस 'रेडियलची गरज नाही' अशी जाहिरात वाचून एंड-फेड हाफ वेव्ह (अर्ध्या तरंगलांबीचा, टोकाला केबल जोडायचा अँटेना) उचलतो. पाच मीटरचा दांडा, पायथ्याशी ४९:१ ट्रान्सफॉर्मर, झालं. करंटला परतीची वाट मात्र लागतेच. ती दिली नाही तर केबलची जाळी आणि लोखंडी मास्ट (अँटेन्याचा खांब) रेडियल बनतात. मग केबलला हात लावला की एसडब्ल्यूआर हलतो, लिफ्टची मोटर आणि सोलर इन्व्हर्टरचा खरखराट रिसिव्हरमध्ये उतरतो, शेजाऱ्यांच्या स्पीकरमधून आपला आवाज येतो. खापर फुटतं ते रेडिओवर. उपाय स्वस्त आहे. ट्रान्सफॉर्मरच्या जमिनीच्या टोकाला अर्धा मीटर तार जोडा आणि लगेच खाली चोक (जाळीच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारी गुंडाळी) घाला: एफटी२४०-४३ या फेराइट कड्यावर आरजी-५८ चे आठ फेरे. कडं मिळालं नाही तर सुमारे ११ सेंटिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर केबलचे सहा फेरे, शेजारी शेजारी. गठ्ठा करून बांधू नका. दांडा मास्टपासून इन्सुलेट करायला विसरू नका. क्वार्टर वेव्हलाही हा चोक आम्ही लावतोच.

पाच-अष्टमांश तरंगलांबीच्या अँटेन्याचं आकर्षण तर सगळ्यांनाच. साडेसहा मीटरचा दांडा उभा करून थेट केबल जोडली तर तो जुळणार नाही, कारण ही लांबी रेझोनंट (त्या फ्रिक्वेन्सीला आपोआप जुळणारी) नसते. पायथ्याशी कॉइल हवीच. क्वार्टर वेव्हपेक्षा ३ डेसिबलचा पुस्तकातला फायदा अमर्याद, आदर्श जमिनीवरचा आहे. मास्टवर हाफ वेव्हच्या तुलनेत फार तर डेसिबलभर पदरात पडतो. ०.६४ वेव्हलेंग्थच्या पुढे लांबी नेली तर ऊर्जा वरच्या कोनात वळते आणि क्षितिजाकडचा जोर उलट घटतो. त्या पैशात आरजी-२१३ ही जाड केबल घ्या: ३० मीटरला घट एका डेसिबलच्या आसपास येते, आणि हा फायदा ऐकतानाही मिळतो.

अँटेना घेताना त्याचा गेन (एका दिशेला मिळणारा वाढीव जोर) 'डीबीआय'मध्ये (सगळीकडे सारखं फेकणाऱ्या काल्पनिक अँटेन्याच्या तुलनेत) की 'डीबीडी'मध्ये (डायपोलच्या तुलनेत), ते विचारा; फरक २.१५ डेसिबलचा आहे.

पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, स्वस्त मिळते म्हणून टीव्हीची आरजी-६ आणू नका. ती ७५ ओहमची, आणि तिच्या ॲल्युमिनियम जाळीवर सोल्डर धरत नाही.

सोलर हीटरचा सांगाडा, पत्र्याची शेड, टाकीचे जीआय पाइप यांच्यापासून शक्य तर पाच मीटर लांब राहा.

ट्यूनिंग खुर्चीवर उभं राहून गच्चीच्या फरशीलगत करू नका. अंतिम उंचीवर नेऊन मोजा. क्वार्टर वेव्हला एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ११० किलोहर्ट्झ. रेझोनन्स खाली आला तर दांडा आखूड करायचा, पण करवत चालवू नका. वरचा पाइप आत सरकवा आणि जुबली क्लिप आवळा.

ॲल्युमिनियमला उघडी तांब्याची तार थेट लावली की सांधा गंजतो. तारेच्या टोकाला कलई केलेली लग आणि स्टेनलेस स्क्रू वापरा.

आणि मास्ट उभारण्याआधी आजूबाजूच्या विजेच्या तारा पाहा. मास्ट आणि अँटेना मिळून जेवढी उंची होईल, त्याच्या दीडपट अंतरात तार असेल तर ती जागा सोडा. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे ढग दिसले की केबल रेडिओपासून काढून ठेवा.