मायलेजवाली गाडी घेतली, तरी पेट्रोल वाचेना? या चुका टाळा

शोरूममध्ये स्ट्राँग हायब्रिडचा (पेट्रोल इंजिनासोबत गाडी एकटी ओढू शकणारी विजेची मोटार असलेली गाडी) लिटरला २७-२८ किलोमीटरचा आकडा ऐकला की डोक्यात लगेच हप्त्याचं गणित सुरू होतं. पहिली चूक तिथेच होते. तो आकडा एआरएआयसारख्या, गाड्यांची अधिकृत तपासणी करणाऱ्या संस्थेच्या चाचणीतला असतो. गाडी रोलरवर ठरलेल्या वेगांनी चालवतात आणि एसी बंद ठेवून मोजमाप होत आलं आहे. मे महिन्यात साकीनाक्याच्या सिग्नलला एसी बंद करून कोण बसतं? गणित करताना हा आकडा पाव भागाने कमी धरा. उरलं तर बोनस समजा.

मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये हायब्रिडचा उपयोग नाही, असंही काही जण छातीठोकपणे सांगतात. खरी गोष्ट उलटी आहे. साधी पेट्रोल गाडी ब्रेक दाबला की आपली सगळी गती ब्रेक पॅडच्या उष्णतेत घालवते. स्ट्राँग हायब्रिड त्यातला बराच भाग बॅटरीत परत घेते आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर दहा-वीसच्या वेगाने सरकताना इंजिन बंद ठेवून मोटारवर चालते. अटल सेतूवर एकसारखी ऐंशी-नव्वदने चालवलीत, तर ब्रेक लागत नाही आणि परत मिळवायला काही उरत नाही. म्हणजे गर्दीत हिचा फायदा जास्त, मोकळ्या रस्त्यावर कमी.

फक्त मागे ‘हायब्रिड’ लिहिलंय म्हणून भुलू नका. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटार इंजिनाला हातभार लावते, ती एकटी गाडी ओढत नाही. बचत होते, पण थोडी.

पैसे वसूल होतात का?

समजा हायब्रिडसाठी अडीच लाख जास्त मोजले. प्रत्यक्षात साधी गाडी लिटरला १५ किलोमीटर देते, हायब्रिड २२. दर १०० किलोमीटरला साधारण २.१ लिटर वाचतात. महिन्याला ८०० किलोमीटर चालवणाऱ्याचे १७ लिटर, १०४ रुपये भावाने वर्षाला एकवीस हजारांच्या आसपास. वसुलीला बारा वर्षं! तोच हिशेब महिन्याला अडीच हजार किलोमीटर चालवणाऱ्याला चार वर्षांच्या आत सुटतो. माझं मत स्पष्ट आहे: महिन्याला अडीच हजार किलोमीटरच्या आसपास फिरणं असेल तर घ्या. गाडी शनिवार-रविवारीच सोसायटीबाहेर पडत असेल तर पैसे बँकेत ठेवा.

इथे ‘लिटरला किती’ हा आकडाच फसवतो. २० वरून २८ वर गेल्यावर १०० किलोमीटरमागे १.४ लिटर वाचतात, पण १० वरून १५ वर गेल्यावर ३.३. घरात दोन गाड्या असतील तर आधी पेट्रोल पिणारी जुनी बदला, आधीच काटकसरी असलेली नव्हे.

सीएनजीवाल्यांचा घोळ वेगळा. तिथे मायलेज किलोला मोजतात. एका किलो सीएनजीत साधारण १.४ लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते. त्यामुळे किलोला २६ म्हणजे लिटरला २६ नव्हे. रुपये वाचतात हे खरं, पण ऊर्जा तेवढीच वाचली असं समजू नका.

स्टार्ट-स्टॉप चालत नाही, बिघाड आहे का?

स्टार्ट-स्टॉप म्हणजे सिग्नलला थांबल्यावर इंजिन आपोआप बंद आणि निघताना चालू करणारी सोय. ती चालत नसली तरी बहुतेक वेळा बिघाड नसतो. साध्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. आत गरम झालं की सिस्टिम स्वतःच इंजिन चालू ठेवते. बॅटरी कमी चार्ज असेल तरीही तेच. खरी गडबड होते ती बॅटरी बदलताना. “साहेब, साधी टाका, दोन हजार वाचतील,” असं गॅरेजवाला सांगतो. स्टार्ट-स्टॉपला ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे इंजिन वारंवार सुरू करणं झेपणारी बॅटरी लागते, साधी लवकर खराब होते. मग सिस्टिमच्या नावाने खडे फोडतात.

ज्या हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी हवेने थंड होते, त्यात बहुधा मागच्या सीटपाशी एक जाळी असते. तिच्यावर शाळेची दप्तरं, छत्र्या, भाजीच्या पिशव्या रचू नका. हवा अडली की बॅटरी तापते आणि मोटारची मदत कमी होते. जाळीतली धूळही सर्व्हिसिंगला मुद्दाम सांगून साफ करून घ्या, सांगितल्याशिवाय कोणी बघेलच असं नाही.

पेट्रोलच्या पाइपला लावायचे चुंबक आणि ओबीडी पोर्टला (मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो ती खाच) खोचायचे ‘फ्युएल सेव्हर’ यांवर एक रुपयाही घालवू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभराहून जास्त उपकरणं तपासली, लक्षणीय बचत करणारं एकही सापडलं नाही. त्याऐवजी टायरची हवा दर पंधरवड्याला, टायर थंड असताना बघा.

राहता राहिला ऊर्जा वाचवण्याचा प्रश्न. स्वस्त पडतंय म्हणून लोक जास्त फिरतात, ही गोष्ट इंग्रज अर्थतज्ज्ञ जेव्हन्सने कोळशाबद्दल १८६५ मध्येच मांडली होती. मेट्रो ३ ने कफ परेडला जाता येत असताना ‘हायब्रिडच आहे ना’ म्हणून गाडी काढलीत, तर बचत तिथेच संपली.

आणि मायलेज मोजताना डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. टाकी भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर भरा. किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी भरलेले लिटर. असं तीन-चार टाक्यांचं बघा. दर वेळी पहिल्या ऑटो-कटला, म्हणजे टाकी भरल्यावर नळी आपोआप बंद पडते तिथेच, थांबवायचं. पंपावरचा पोरगा “राउंड फिगर करू का?” म्हणेल, त्याला नको म्हणा.