अक्षावर 2ई+09 नको, 2.0×10⁹ हवं: एक्सेलमध्ये कसं करायचं

जायकवाडीचा उपयुक्त साठा 2171 दलघमी. एक दलघमी म्हणजे दहा लाख घनमीटर, त्यामुळे तोच आकडा घनमीटरमध्ये घेतला की 2171000000 होतो आणि आलेखाच्या उभ्या अक्षाशेजारी शून्यांची रांग लागते.

आकड्यांच्या रकान्यात फक्त आकडे ठेवा. एकक शीर्षकात लिहा. '2171 दलघमी' असं एकाच खान्यात टाकलं तर एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि आलेखात धरण कोरडंठाक दिसतं.

आता अक्षावर उजवी क्लिक, फॉरमॅट ॲक्सिस, खाली नंबर, आणि कॅटेगरीत सायंटिफिक (आकडा दहाच्या घातात: पडद्यावर 2E+09, म्हणजे 2×10⁹). दशांश स्थळं किमान 1 ठेवा. इथेच बहुतेकांचं चुकतं. अक्षावर दर 50 कोटींना खूण असेल आणि दशांश 0 असेल, तर दीड अब्जाची खूणही 2ई+09 आणि दोन अब्जाचीही 2ई+09. एकाच आकड्याच्या दोन खुणा! आलेख बिघडलेला नसतो, आकडा पूर्णांकात गेलेला असतो.

पण हे 'ई' यंत्राचं लिखाण आहे, छापील अहवालात ते खटकतं. त्यासाठी नंबरखालच्या फॉरमॅट कोडच्या चौकटीत हे टाका आणि ॲड दाबा:

0.0,,,"×10⁹";-0.0,,,"×10⁹";0

शून्यानंतरचा प्रत्येक स्वल्पविराम आकड्याला हजाराने भागतो. तीन म्हणजे अब्जाने. अर्धविरामांनी तीन भाग पडतात: धन, ऋण, शून्य. तिसरा भाग गाळला तर तळाशी 0.0×10⁹ असं विचित्र दिसतं. मराठी कीबोर्ड चालू असेल तर आधी बदला, इथे देवनागरी ० चालत नाही. वरचा छोटा ⁹ इन्सर्टमधल्या सिम्बॉलमधून एखाद्या खान्यात आणा आणि तिथून कॉपी करा.

स्वल्पविराम फक्त भागतो, गुणत नाही. काळ्या मातीची पारगम्यता (पाणी किती वेगाने झिरपतं ते) 0.0000003 मीटर प्रति सेकंद अशी असेल तर वेगळ्या रकान्यात 10⁷ ने गुणून घ्या आणि अक्षाच्या शीर्षकात 'पारगम्यता (×10⁻⁷ मीटर/सेकंद)' लिहा. खरं तर साठ्यासाठीही हीच पद्धत जास्त सुटसुटीत: घातांक एकदाच शीर्षकात, खुणांवर नुसते 0.5, 1.0, 1.5. ग्रामसभेत दाखवायचा आलेख असेल तर मात्र दलघमीच राहू द्या.

जायकवाडीशेजारी मांजरा धरण मांडलं, साधारण 177 दलघमी उपयुक्त साठ्याचं, तर ते तळाला चिकटतं. तेव्हा फॉरमॅट ॲक्सिसमध्ये लॉगॅरिदमिक स्केलच्या चौकटीत टिक करा, म्हणजे अक्षावर दर पायरीला आकडा दहापट होतो. तिथे वरचा कोड काढून सायंटिफिक, दशांश 0 ठेवा. मुख्य खुणा दहाच्या पूर्ण घातांवरच पडतात, म्हणून काही हरवत नाही. फक्त स्तंभ नकोत, ठिपके घ्या: लॉग अक्षाला शून्य नसतं, त्यामुळे स्तंभाची उंची अक्ष कुठून सुरू केला त्यावर ठरते.