चार्जिंग चालू असताना लिथियमचे साचणे सूक्ष्मदर्शकाखाली कसे टिपावे

बॅटरीच्या चार्जिंगच्या वेळी लिथियम धातू कसा साचतो हे पाहण्यासाठी दरवेळी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतोच असे नाही. दुरून फोकस होणारे भिंग लावलेला प्रकाशीय सूक्ष्मदर्शक आणि सपाट काचेची खिडकी असलेला हवाबंद सेल एवढ्यावर बरेच काही दिसते. तडजोड करू नये ती ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे सेल जोडण्यासाठी बाहेरून हातमोज्यांतून काम करता येते अशा बंद पेटीत. त्यात नायट्रोजन चालत नाही, कारण लिथियम त्याच्याशीही संयोग पावते. आर्गॉनच हवा, आणि पाणी व ऑक्सिजन दशलक्षात एका भागाहून कमी असावेत. पुण्यात जून ते सप्टेंबर या दमट काळात सेल पेटीबाहेर काढण्यापूर्वी त्याची सीलबंदी दोनदा तपासावी.

सेलमध्ये एका बाजूला ताजी खरवडलेली लिथियमची पट्टी आणि समोर तांब्याची पट्टी ठेवावी. तांब्यावर आधी लिथियम नसल्याने पहिला ठिपका उगवतो तो क्षण नेमका सापडतो. पट्टीच्या कडा विद्युतप्रवाह ओढून घेतात, त्यामुळे कडेवरची वाढ सबंध पृष्ठभागाची समजू नये.

कॅमेरा आणि व्होल्टेज नोंदणारे यंत्र एकाच घड्याळावर चालवणे ही माझ्या मते या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, कारण व्होल्टेजच्या वक्राशिवाय चित्राचा अर्थ लागत नाही. प्रवाह सुरू होताच तांब्याचे व्होल्टेज लिथियमच्या तुलनेत शून्याखाली बुडी मारते आणि मग थोडे वर येऊन स्थिरावते. पहिले कण जन्मतात ते या बुडीच्या आसपास. पुढे बुडाशी वाढणारे शेवाळासारखे लिथियम दिसते. प्रवाह जास्त ठेवला आणि पृष्ठभागाजवळच्या द्रवातले लिथियमचे क्षार संपत आले, तर व्होल्टेज झपाट्याने आणखी खाली जाते आणि टोकांकडून फांद्या फुटू लागतात.

जाडी मोजताना एक आकडा हाताशी ठेवावा: दर चौरस सेंटीमीटरला १ मिलिअँपिअर-तास इतका विद्युतभार गेला, तर घट्ट, सपाट थर सुमारे ४.८५ मायक्रोमीटर जाड व्हायला हवा. चित्रात २० मायक्रोमीटर दिसले, तर बराचसा भाग पोकळ आहे.

अशा खिडकीच्या सेलमध्ये विभाजकाचा (दोन पट्ट्यांमधल्या सच्छिद्र पडद्याचा) दाब नसतो, म्हणून येथे दिसलेला आकार बाजारातल्या बॅटरीत तसाच असेल असे लिहू नये. डिस्चार्ज करतानाही चित्रण चालू ठेवावे; मुळाशी तुटलेले तुकडे विरघळत नाहीत आणि सेलची घटलेली क्षमता तेथेच सापडते.