पार्ट तोच, तरी मशीन घेत नाही? बदलताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात कुडाळच्या माझ्या दुकानात एक बागायतदार काका लॅपटॉप घेऊन आले. "चार्जर नवो हाडलंय, पण बॅटरी काय चार्ज होना नाय." त्याआधी त्यांनी नवी बॅटरीही विकत घेतली होती. बॅटरी दोन्ही चांगल्या, चार्जरचे व्होल्टही बरोबर. त्यांच्या जुन्या चार्जरची पिन उजेडात धरली. गोल पिनेच्या मधोमध सुईएवढी काडी, खाऱ्या हवेने हिरवी पडलेली. त्या काडीतून चार्जर 'मी अमुक वॅटचा' अशी ओळख सांगतो. नव्या स्वस्त चार्जरमध्ये ओळख देणारी चिपच नव्हती. ओळख पटली नाही की असा लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसरही हळू पळतो. बऱ्याच मॉडेलांच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) अडॅप्टरचे वॅट दिसतात. बॅटरीवर पैसे घालण्याआधी तिथे बघा.

हार्ड डिस्कचंही तसंच. आज त्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच: सीगेट, वेस्टर्न डिजिटल, तोशिबा. सर्व्हर विकणारे त्यांच्याकडूनच घेतात, पण आत स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे डिस्क चालवणारा प्रोग्राम, घालतात. तीन वर्षांनी बदली डिस्क दुसऱ्या कंपनीची आली तरी ती पहिलीसारखीच वागावी, हा हेतू. घरगुती डिस्क खराब सेक्टर (डेटा साठवायचा छोटा तुकडा) वाचायला बराच वेळ धडपडते. रेडसाठीची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून चालवायच्या पद्धतीसाठीची, साधारण ७ सेकंदांत सोडून देते, नाहीतर त्या डिस्क सांभाळणारं कार्ड, म्हणजे कंट्रोलर, तिला मेलेली समजून बाहेर काढतो. कारण खरं आहे. पण गिऱ्हाइकाला बांधून ठेवणं हेही कारण आहेच, आणि ते बिलावर कोणी लिहीत नाही, याचा मला राग येतो. २०१० मध्ये डेलने नव्या रेड कार्डांवर बाहेरच्या डिस्क अडवल्या होत्या. ओरड झाल्यावर माघार घेतली.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात आणलेली, मोठ्या स्टोरेजमधून निघालेली सॅस (सर्व्हरच्या जोडणीची) डिस्क '० बाइट' दाखवते? ती मेली असं लगेच धरू नका. तिचे सेक्टर ५१२ ऐवजी ५२० बाइटचे असू शकतात. सॅस कार्डाला लावून लिनक्सवर एसजी-फॉरमॅट या प्रोग्रामने ५१२ करता येतात, काही तास लागतात, आतला डेटा जातो. मध्ये लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणून यूपीएस हवाच.

जुन्या थिंकपॅड लॅपटॉपमध्ये वायफाय कार्ड बदललं की १८०२ एरर येऊन मशीन पुढे जात नाही, कारण बायोसमध्ये मंजूर कार्डांची यादी असते. रेडिओ आणि अँटेनाची सरकारी परवानगी एकत्र घेतलेली असते, असं कंपन्या सांगतात. इंटरनेटवरचं बदललेलं बायोस टाकायला जाऊ नका. पावसात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि अर्ध्यावर थांबलेलं बायोस म्हणजे बोर्डच गेला. जुन्या कार्डावरचा एफआरयू नंबर (कंपनीचा सुट्या भागाचा नंबर) फोटो काढून ठेवा, त्याच नंबरचं मागवा. घाई असेल तर यूएसबी वायफाय लावा, त्याला ही यादी आड येत नाही.